प्रकाशतंतुजाल व घरजोडणीचा खर्च, जालना जिल्ह्यातील

अतिशुद्ध काचेच्या, केसाएवढ्या जाडीच्या तंतूंतून प्रकाशस्पंदांच्या रूपाने संदेश, ध्वनी व चित्रे वाहून नेणाऱ्या केबलींचे जाळे म्हणजे प्रकाशतंतुजाल. या तंतूला व्यवहारात ऑप्टिकल फायबर असे म्हणतात. हे जाळे शहरापर्यंत, तालुक्यापर्यंत किंवा ग्रामपंचायतीपर्यंत नेणे ही एक गोष्ट आणि त्याचे शेवटचे टोक राहत्या घरात नेणे ही दुसरी गोष्ट होय. या दोहोंमधील अंतर सामान्यतः दोन-तीन किलोमीटरच असते. परंतु तेवढ्या अंतराचा खर्च कोणी सोसावा, हा प्रश्न गेली अनेक दशके सुटलेला नाही. जालना जिल्ह्याच्या उदाहरणावरून तो विशेष स्पष्टपणे पाहता येतो, कारण काचतंतू तयार करणारे कारखाने या जिल्ह्याच्या अगदी शेजारी आहेत.

प्रकाशाला काचेतून वळवीत नेता येते, हे भारतात जन्मलेले भौतिकीविज्ञ नरिंदरसिंग कपानी यांनी हॅरल्ड हॉपकिन्स यांच्यासमवेत १९५४ साली तंतूंच्या जुडग्याच्या साहाय्याने दाखवून दिले. तथापि त्या काळच्या काचेत प्रकाशाचा ऱ्हास फार होई. काचेतील अशुद्धी काढून टाकल्यास आणि ऱ्हास दर किलोमीटरला २० डेसिबलपर्यंत खाली आणल्यास तंतू दूरसंदेशवहनास उपयोगी पडेल, असे चार्ल्स काव व जॉर्ज हॉकम यांनी १९६६ मध्ये प्रतिपादिले. एक किलोमीटरनंतर शंभरातील एक भाग प्रकाश शिल्लक राहणे, असा २० डेसिबलचा अर्थ होतो. अमेरिकेतील कॉर्निंग कंपनीच्या शास्त्रज्ञांनी १९७० मध्ये ही मर्यादा ओलांडली. आजच्या तंतूत एका किलोमीटरनंतर सु. ९५ टक्के प्रकाश शिल्लक राहतो. काव यांना या कार्याबद्दल २००९ चे भौतिकीचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. भारतात दूरध्वनी केंद्रांना जोडणारी पहिली स्थानिक प्रकाशतंतू केबल १९७९ मध्ये पुणे येथे कार्यान्वित झाली, ही गोष्ट महाराष्ट्रात फारशी स्मरणात राहिलेली नाही.

मराठवाड्याचा या उद्योगाशी संबंध १९९० नंतरच्या दशकात आला. औरंगाबाद (२०२३ पासून छत्रपती संभाजीनगर) जवळील वाळूज औद्योगिक वसाहतीत स्टरलाइट उद्योगसमूहाने काचतंतू ओढण्याचा कारखाना उभारला. पुढे शेंद्रा येथेही काचेचे मूळ दंड तयार होऊ लागले. शेंद्रा ही वसाहत जालना रस्त्यावरच आहे. या वस्तूचे मूल्य तिच्या शुद्धतेत आहे, वजनात नाही. तंतूचा व्यास १२५ मायक्रॉन असल्याने एक किलोमीटर लांबीच्या तंतूतील काचेचे वजन अवघे २७ ग्रॅमच्या आसपास भरते. चोवीस तंतूंच्या केबलीतही दर किलोमीटरला पाऊण किलोपेक्षा कमी काच असते. उलट ती केबल पुरण्यासाठी भारतात प्रमाण मानलेली खोली १·६५ मीटर आहे. चराची रुंदी तीस सेंटिमीटर धरली, तरी एका किलोमीटरला सु. ५०० घनमीटर माती बाहेर काढावी लागते आणि पुन्हा भरावी लागते. पाऊण किलो काच आणि पाचशे घनमीटर माती, हे प्रमाण लक्षात ठेवले म्हणजे पुढील सर्व इतिहास समजण्यास सोपा जातो. काचतंतू वर्षानुवर्षे स्वस्त होत गेला, खोदाई मात्र झाली नाही.

जालन्याची भूमी : जिल्ह्याचा बहुतेक भाग दक्खनच्या बेसाल्ट खडकाचा आहे. उत्तरेकडे भोकरदन व जाफराबाद तालुक्यांत अजिंठ्याच्या डोंगररांगेचे फाटे उतरले आहेत. तेथे मातीचा थर पातळ असून थोड्याच खोलीवर मुरूम व काळा पाषाण लागतो. पाषाणात पूर्ण खोलीचा चर खणणे परवडत नाही. तेव्हा खोली कमी करून नळीवर लोखंडी किंवा काँक्रीटचे आवरण घालावे लागते. दक्षिणेकडे गोदावरी व दुधना यांच्या खोऱ्यांत, म्हणजे अंबड, घनसावंगी व परतूर भागांत, काळी भारी जमीन आहे. ती खणण्यास सोपी वाटते, परंतु पावसाळ्यात फुगते व उन्हाळ्यात आकसून भेगाळते. त्यामुळे नीट न पुरलेली नळी जागची हलते आणि सांध्यांवर ताण येतो. पावसाळ्याचे दोन-तीन महिने तर काळ्या रानातून यंत्र नेणेच अशक्य होते. एकाच जिल्ह्यात खोदाईचे दर तालुक्यागणिक निराळे पडतात, ते या कारणाने.

जुन्या वाटा : दूरसंदेशवहनाची साधने या प्रदेशात नेहमीच आधीच्या वाटेच्या आधाराने आली. निजामाच्या राज्यातील हैदराबाद–गोदावरी खोरे रेल्वे १९०० च्या सुमारास मनमाडहून औरंगाबाद, जालना, परतूर, परभणी या मार्गाने वाहतुकीस खुली झाली आणि लोहमार्गाच्या कडेने तारायंत्राचे खांब आले. आजच्या आठ तालुक्यांच्या ठिकाणांपैकी बदनापूर, जालना व परतूर ही तीनच या मार्गावर आहेत. अंबड, घनसावंगी, मंठा, भोकरदन व जाफराबाद ही पाच बाजूला राहिली. शंभर वर्षांनंतर, २००० साली स्थापन झालेल्या रेलटेल या शासकीय कंपनीने लोहमार्गांच्या कडेच्या प्रकाशतंतूंचा व्यापारी उपयोग सुरू केला, तेव्हाही लाभाची रेषा तीच होती.

वाट देण्याचा कायदाही जुनाच होता. १८८५ च्या भारतीय तार अधिनियमाने तारेची लाइन कोणाच्याही मिळकतीवरून, खालून किंवा कडेने नेण्याचा अधिकार शासनास दिला. मालकास मिळे ती प्रत्यक्ष नुकसानीची भरपाई. हा अधिनियम खांब व तारा यांच्या काळातला असला, तरी प्रकाशतंतूची खोदाईही त्याच्याच आधाराने चालली. प्रत्यक्षात अडचण खाजगी मालकाकडून येई त्याहून अधिक रस्ता ज्याच्या ताब्यात त्या कार्यालयाकडून येई. राष्ट्रीय महामार्ग, सार्वजनिक बांधकाम विभाग, जिल्हा परिषद, नगरपालिका, वन विभाग व रेल्वे यांची प्रत्येकाची परवानगी, आकार व रस्ता पूर्ववत करण्याची अनामत निराळी. २०१६ च्या मार्गाधिकार नियमांनी भूमिगत लाइनसाठी प्रशासकीय शुल्काची कमाल मर्यादा दर किलोमीटरला १,००० रु. ठरविली. शुल्कावर अशी मर्यादा आली. रस्ता पूर्ववत करण्याचा खर्च मात्र राहिलाच आणि तोच मोठा असतो.

जालना हा १ मे १९८१ पर्यंत स्वतंत्र जिल्हा नव्हता. औरंगाबाद जिल्ह्याचे तालुके व परभणी जिल्ह्याचा परतूर भाग मिळून तो झाला. त्याच सुमारास ग्रामीण दूरध्वनीचा प्रश्न देशात ऐरणीवर आला. १९८४ मध्ये सी-डॉट ही संशोधनसंस्था स्थापन झाली आणि वातानुकूलनाची गरज नसलेले, धूळ व उष्णता सहन करणारे छोटे स्वयंचलित केंद्र तिने विकसित केले. खेड्यात दूरध्वनी नेण्यातील केंद्राचा खर्च त्यामुळे पुष्कळ कमी झाला. तारेचा खर्च होता तेवढाच राहिला. १९९४ च्या राष्ट्रीय दूरसंचार धोरणाने सर्व खेड्यांत दूरध्वनी पोचविण्याचे उद्दिष्ट १९९७ पर्यंतचे ठेवले होते; ते त्या मुदतीत पुरे झाले नाही. तोवर दूर अंतराच्या महाग संभाषणांतून मिळणाऱ्या नफ्यावर स्वस्त स्थानिक व ग्रामीण सेवा चालविली जाई. खाजगी कंपन्यांच्या स्पर्धेने दूर अंतराचे दर कोसळले आणि हा आडून दिला जाणारा आधार नाहीसा झाला. त्याच्या जागी १ एप्रिल २००२ पासून सार्वत्रिक सेवा दायित्व निधी आला. दूरसंचार कंपन्यांनी आपल्या समायोजित उत्पन्नाच्या ५ टक्के रक्कम त्यात भरावयाची होती. ही रक्कम अखेर शहरातील व खेड्यातील ग्राहकच बिलातून देतो, आणि निधीत जमा झालेले सर्व पैसे त्या-त्या वेळी खर्चही झाले नाहीत, हे येथे नमूद करणे अवश्य आहे.

बँक, टपाल कार्यालय किंवा मोठा उद्योग यांना लागणारी जोडणी तांब्याच्या तारेवरून देणे शक्य होते. बीएसएनएलने जानेवारी २००५ मध्ये सुरू केलेली ब्रॉडबँड सेवा याच तारेवर होती. परंतु केंद्रापासून अंतर वाढले, की तांब्यावरील वेग झपाट्याने घटतो. जालना शहरातील घर आणि चार किलोमीटरवरील वाडीतील घर यांना एकच दर देऊनही एकच सेवा मिळत नसे. शिवाय तांब्याला भंगारात भाव असल्याने केबल चोरीस जाई. काचेला भंगारात कोणी विचारीत नाही, हा प्रकाशतंतूचा एक अनपेक्षित गुण म्हणावा लागेल.

भारतनेट : केंद्रीय मंत्रिमंडळाने २५ ऑक्टोबर २०११ रोजी राष्ट्रीय प्रकाशतंतुजालाची योजना मंजूर केली. देशातील सु. अडीच लक्ष ग्रामपंचायती तालुक्याशी जोडण्यासाठी प्रारंभी सु. २०,००० कोटी रु. खर्च अपेक्षिला होता, म्हणजे ग्रामपंचायतीमागे सु. ८ लक्ष रुपये. तालुक्यापर्यंतचा तंतू बहुतांशी बीएसएनएल, रेलटेल व पॉवरग्रिड यांचा आधीच होता. तेथून पुढचा तेवढा टाकावा आणि ग्रामपंचायतीत प्रतिसेकंद १०० मेगाबिट क्षमतेची जोडणी द्यावी, अशी काटकसरीची कल्पना होती. पुढे योजनेस भारतनेट हे नाव मिळाले. पहिल्या टप्प्यातील एक लक्ष ग्रामपंचायतींचे काम डिसेंबर २०१७ मध्ये पुरे झाल्याचे घोषित झाले. जुलै २०१७ मध्ये सुधारित तरतूद ४२,०६८ कोटी रुपयांवर गेली आणि ग्रामपंचायतीमागील सरासरी १७ लक्षांच्या जवळ पोचली. दुसऱ्या टप्प्यात महाराष्ट्राने महानेट या नावाने राज्यशासनामार्फत काम करण्याचा मार्ग स्वीकारला.

योजनेचा खरा दोष खर्च वाढण्यात नव्हता, तो मोजमापात होता. मोजले जात होते ते किलोमीटर आणि ग्रामपंचायती. विद्युतीकरणात हेच पूर्वी घडले होते. गावाच्या शिवारात कोठेही, कोणत्याही कामासाठी वीज वापरली गेली, की गाव विद्युतीकृत समजण्याची पद्धत १९९७ पर्यंत होती. निदान दहा टक्के घरांत वीज हवी, ही अट २००४ मध्ये आली. प्रकाशतंतूच्या बाबतीतही ग्रामपंचायतीच्या खोलीतील पेटीचा दिवा लागला, की गाव जोडले गेले. ती पेटी चालू ठेवण्यासाठी वीज हवी, विजेचे बिल हवे व खोलीची किल्ली हाताशी असणारा माणूस हवा. या तिन्हींची जबाबदारी कोणाची, हे स्पष्ट नसल्यामुळे देशभर बऱ्याच पेट्या बंद आढळल्या. पेटीपासून घरापर्यंतचा शेवटचा भाग तर केबलचालकांवर व कंपन्यांवर सोपविला होता. ते तेथे आपणहून येतील, अशी अपेक्षा होती.

ते का आले नाहीत, याचे उत्तर जालना जिल्ह्याच्या साध्या अंकगणितात मिळते. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याचे क्षेत्रफळ सु. ७,७०० चौ. किमी. व लोकसंख्या १९,५९,०४६ होती. सु. ८१ टक्के लोक साडेनऊशेच्या वर खेड्यांत राहत होते. म्हणजे एका गावाच्या वाट्यास सरासरी ८ चौ. किमी. भूमी येते आणि एका गावापासून दुसरे गाव सु. ३ किमी. पडते. पाच माणसांचे एक कुटुंब धरले, तर सरासरी गाव ३३० घरांचे होते. तीन किलोमीटरचा चर सर्व घरांनी मिळून वाटून घेतला, तर प्रत्येकाच्या वाट्यास नऊ मीटर खोदाई येते. हे सहज परवडण्याजोगे आहे. परंतु दहांतील एकाच घराने जोडणी घेतली, तर तोच वाटा नव्वद मीटरवर जातो. चर तोच, पाषाण तोच, मजुरीही तीच. बदलते ती फक्त भागीदारांची संख्या. गावातील गल्ल्यांतून फिरणारी केबल व घरात बसविण्याचे उपकरण यांचा खर्च यात धरलेला नाही.

आता रुपयांत पाहू. ४ ऑगस्ट २०२३ रोजी मंजूर झालेल्या सुधारित भारतनेट कार्यक्रमाचा खर्च १,३९,५७९ कोटी रु. असून त्यात दहा वर्षांच्या देखभालीचा समावेश आहे. ग्रामपंचायतींखेरीज मागणीनुसार इतर गावेही जोडावयाची असल्याने एकूण सु. ६·४ लक्ष गावे त्याच्या कक्षेत येतात. गावामागे सरासरी २१ ते २२ लक्ष रुपये. ही देशाची सरासरी जालन्यातील ३३० घरांच्या गावास लावली, तर सर्वांनी जोडणी घेतल्यास घरामागे सु. ६,६०० रु. आणि दहांतील एकाने घेतल्यास सु. ६६,००० रु. पडतात. ग्राहक दरमहा ३९९ रु. देईल असे मानले, तर वर्षाचे ४,७८८ रु. होतात. म्हणजे दुसऱ्या प्रकारात सुमारे चौदा वर्षांचे संपूर्ण उत्पन्न केवळ या खर्चातच जाईल आणि पुढच्या जाळ्याशी जोडून घेण्याचा मोबदला, कर व वसुली यांना काहीच उरणार नाही. याच कार्यक्रमात पाच वर्षांत दीड कोटी ग्रामीण घरजोडण्यांचे उद्दिष्ट आहे. एकूण खर्चास या संख्येने भागले असता एका जोडणीमागे ९३,००० रुपये येतात. हा भागाकार काहीसा अन्यायकारक आहे, कारण तोच तंतू शाळा, आरोग्य उपकेंद्र, बँका व मोबाइलचे मनोरे यांसही उपयोगी पडतो. तथापि घरांची संख्या वाढल्याखेरीज गुंतवणूक अंगावर येते, हे त्यावरून कळून येते.

जालना शहरात चित्र उलटे आहे. पोलाद पुनर्वेल्लन कारखाने, बी-बियाण्यांच्या कंपन्या आणि जुनी व्यापारी पेठ यांमुळे तेथे दाट व पैसे देणारा ग्राहक आहे. दूरचित्रवाणीच्या केबलचालकांनी १९९० नंतर बसविलेल्या तारांची वाट व घरोघरची वसुलीची व्यवस्था आयती होती. विजेच्या खांबांवरून तंतू ओढला, की खोदाई जवळजवळ वाचते. जिओने सप्टेंबर २०१९ मध्ये घरगुती प्रकाशतंतू सेवा मासिक ६९९ रुपयांपासून व वर्षभरानंतर ३९९ रुपयांपासून देऊ केली आणि इतरांचेही दर खाली आले. वाडीतील ग्राहकाला लागू असलेला दर शहरातील या स्पर्धेने ठरतो, खर्च मात्र त्याच्या स्वतःच्या अंतराने ठरतो. ग्रामीण घरजोडणीचा तिढा तो हाच. खांबावरची केबलही सर्वस्वी स्वस्त नसते. वळवाच्या वादळात, ऊस वा कापूस भरलेल्या वाहनाने किंवा खांब बदलताना ती तुटते आणि वाचलेला खोदाईखर्च दुरुस्तीच्या रूपाने परत येतो.

परदेशांतही हाच अनुभव आला आहे. ऑस्ट्रेलियाने २००९ मध्ये दहांतील नऊ घरांना प्रकाशतंतू देण्याचे ठरविले. २०१३ मध्ये सत्तांतर झाल्यावर खर्च वाचविण्यासाठी बऱ्याच ठिकाणी शेवटचा भाग जुन्या तांब्यावरच ठेवण्यात आला आणि २०२० मध्ये पुन्हा त्याच घरांकडे तंतू नेण्यासाठी ३५० कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरांची योजना जाहीर करावी लागली. शेवटचा तुकडा टाळल्याने खर्च टळला नाही, पुढे गेला. अमेरिकेतील चॅटनूगा या शहरात मात्र नगराच्या मालकीच्या वीजमंडळानेच २०१० पर्यंत घरोघर तंतू नेला. विजेचे वितरण व मोजणी सुधारण्यासाठी त्याला तो हवाच होता, सु. ११ कोटी डॉलरांचे केंद्रीय अनुदान मिळाले आणि खांब स्वतःचेच होते. एका चरात किंवा एका खांबावर दोन कामे साधली, की प्रत्येकाचा वाटा निम्मा होतो. आपल्याकडे मात्र एका रस्त्यावर जलवाहिनीसाठी एकदा, रुंदीकरणासाठी एकदा व तंतूसाठी एकदा अशी तीनदा खोदाई होते आणि दर वेळी आधीचे काम तुटते. २०१९ नंतर जलजीवन अभियानाची व रस्त्यांची कामे एकदमच निघाल्यावर ग्रामीण केबलींची तोडफोड ही देशव्यापी तक्रार झाली. खोदणाऱ्याने केबलीच्या मालकास आधी कळवावे, यासाठी मार्च २०२३ मध्ये कॉल बिफोर यू डिग हे मोबाइल उपयोजन सुरू करावे लागले. सुधारित भारतनेटमध्ये एकेरी मार्गांऐवजी वलयाकार मार्ग स्वीकारण्याचे कारणही हेच. एका बाजूने केबल तुटली तरी दुसऱ्या बाजूने गाव जोडलेले राहते.

शेवटच्या भागासाठी अलीकडे स्थानिक उद्यमीची योजना पुढे आली आहे. गावातील किंवा जवळच्या गावातील व्यक्तीने जोडण्या द्याव्यात, दुरुस्ती व वसुली पाहावी आणि मासिक बिलाचा निम्मा भाग घ्यावा, असे तिचे स्वरूप आहे. ३९९ रुपयांतील निम्मा भाग म्हणजे दोनशे रुपये. तीस जोडण्यांवर दरमहा सहा हजार होतात. तेवढ्यात एक माणूस काळ्या रानातून दुरुस्तीसाठी धावेल अशी अपेक्षा करता येत नाही. शंभर जोडण्यांवर हा धंदा उभा राहू शकतो. तेव्हा उद्यमीचे भवितव्यही पुन्हा दहांतील किती घरे, याच प्रश्नाशी येऊन थांबते आणि कापूस, सोयाबीन व मोसंबी यांच्या भावावर चालणाऱ्या जिल्ह्यात त्याचे उत्तर हंगामागणिक बदलते. पीक बुडालेल्या वर्षी प्रथम बंद होणाऱ्या खर्चांत मासिक बिल असते; चराचे कर्ज मात्र चालूच राहते.

वरील सर्व हिशेब गावठाणातील घरांचा आहे. जालना जिल्ह्यात आखाड्यांवर व शेतवस्त्यांवर राहणारी कुटुंबे आणि बंजारा समाजाचे तांडे गावठाणापासून दूर आहेत. तेथे नव्वद मीटरची जागा एक-दोन किलोमीटर घेतात. अशा घरांसाठी मनोऱ्यापासून बिनतारी लहरींनी सेवा देणाऱ्या पद्धती २०२३ पासून खाजगी कंपन्यांनी बाजारात आणल्या. मनोऱ्याच्या बुंध्यापर्यंत तंतूच असतो. शेवटच्या किलोमीटरची खोदाई तेवढी वाचते, मात्र एका मनोऱ्याची क्षमता अनेक घरांत वाटली जाते. १८८५ च्या तार अधिनियमाची जागा २०२३ च्या दूरसंचार अधिनियमाने घेतली असून सार्वत्रिक सेवा निधीचे रूपांतर डिजिटल भारत निधीत झाले आहे. नवे मार्गाधिकार नियम १ जानेवारी २०२५ पासून अंमलात आले.